रिसीव्हर, टीव्ही आणि वायरींचा गुंता: फोन करण्याआधी वाचायचे प्रश्न

पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत घरोघरी जाऊन होम थिएटर जोडून देणं हा माझा धंदा. रिसीव्हर म्हणजे त्यातलं मधलं यंत्र, सगळ्यांचा आवाज घेऊन स्पीकरना पोचवणारं. लोक ज्यासाठी सारखे फोन करतात ते प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवलेत. वाचून काम झालं तर माझी एक फेरी वाचली. नाही झालं तर जरूर फोन करा, फक्त "सगळं लावलंय पण चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. रिसीव्हरच्या आणि टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. आणि फोटो काढण्याआधी धूळ पुसा, अक्षरं दिसत नाहीत.

घरात सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, मुलाचं प्लेस्टेशन आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे. टीव्हीला काय लावू आणि रिसीव्हरला काय?

सगळं रिसीव्हरला. रिसीव्हरवर जिथे 'एचडीएमआय आउट' लिहिलंय तिथून टीव्हीला एकच केबल. रिसीव्हर म्हणजे स्वारगेटचा एसटी स्टँड समजा: गाड्या सगळ्या तिथे येणार, आवाज तिथेच उतरणार आणि चित्र तेवढं पुढे टीव्हीकडे जाणार. टीव्ही फक्त पडदा.

बिघडतं ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे केल्यामुळे. सहकारनगरात एका घरी स्टिक टीव्हीत होती, बॉक्स रिसीव्हरला, आणि डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी दोन्हीकडे वाटलेल्या. टीव्ही युनिटला चिकटपट्टीने एक वहीचा कागद लावलेला, त्यावर काकूंच्या अक्षरात सात पायऱ्या. चौथी पायरी: "आवाज आला नाही तर काळा रिमोट परत दाबणे. तरी नाही आला तर अमोलला फोन." अमोल बंगळुरूला. सगळ्या पिना काढून रिसीव्हरला लावल्या, वीस मिनिटांचं काम. कागद मात्र काकूंनी लगेच काढू दिला नाही. आठवडाभर पाहते म्हणाल्या.

याला अपवाद एकच. रिसीव्हर जुना आणि टीव्ही नवा असेल तर उलट करावं लागतं. ते पुढे येईल.

टीव्हीतल्याच अ‍ॅपवर काही लावलं तर त्याचा आवाज रिसीव्हरला कसा जाणार? त्यासाठी वेगळी वायर लागते का?

नाही. जी केबल चित्र घेऊन टीव्हीकडे जाते तीच आवाज परत आणते. याला एआरसी म्हणतात. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत, म्हणजे २००९ मध्ये, ही सोय आली. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय खाचांत ती नसते. साधारण एकाच खाचेवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' असं छापलेलं असतं, केबल तिथेच हवी. रिसीव्हरच्या बाजूलाही 'आउट'च्या खाचेवर तेच लिहिलेलं असतं.

ई-एआरसी ही २०१७ च्या २.१ आवृत्तीतली मोठी बहीण. साध्या एआरसीत आवाजाला जागा कमी, त्यामुळे दोनाहून जास्त स्पीकरांचा आवाज दाबून लहान केलेलाच त्यातून जातो. ई-एआरसीत जवळपास ३७ मेगाबिटची वाट आहे, म्हणून ब्लू-रेवरचा, काहीही न गमावता दाबलेला डॉल्बी ट्रूएचडीसुद्धा जातो. पण म्हणून लगेच नवा टीव्ही घेऊ नका. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही ऐकू येणारा आवाज, मुळातच जास्त दाबलेला असतो, तो बहुतेक टीव्हींच्या साध्या एआरसीतूनही येतो. आणि ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला लावला असेल तर हा वादच उरत नाही.

एआरसीच्या खाचेतच केबल लावली, तरी आवाज टीव्हीतूनच येतो.

या क्रमाने बघा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे यंत्रांनी एचडीएमआयमधून एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू आहे का? हे नाव तुम्हाला सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरमध्ये 'एचडीएमआय कंट्रोल' आणि 'एआरसी' दोन्ही चालू करा, कित्येकांत ती मुळात बंद येतात. मग टीव्हीचा साउंड आउटपुट 'टीव्ही स्पीकर' वरून 'रिसीव्हर' वर न्या.

एवढं करूनही गप्प असेल तर टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स सगळ्यांच्या पिना बोर्डातून उपटा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे, यंत्र नुसती डुलकी घेतं. तीन-चार मिनिटं थांबा, चहा टाका. मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी बॉक्स असं चालू करा. ही यंत्रं चालू होताना एकमेकांची ओळख करून घेतात, आणि ती ओळख एकदा चुकली की चुकलेलीच राहते.

आमचा रिसीव्हर जुना आहे, त्याला एचडीएमआय नाहीच.

मग सगळी यंत्रं टीव्हीला लावा आणि टीव्हीच्या 'ऑप्टिकल आउट'मधून रिसीव्हरला एक ऑप्टिकल केबल. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा आवाज मिळेल, अ‍ॅटमॉस मिळणार नाही. रिसीव्हर फारच म्हातारा असेल आणि नुसती खरखर आली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडा, निदान स्टीरिओ नीट वाजेल.

एक सांगतो, हसू नका. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, नखाएवढी. ती न काढता केबल कोंबलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. टोपी काढा, टीव्हीकडचं टोक लावा, आणि मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसतो का बघा. दिसला की पुढचं टोक रिसीव्हरमध्ये.

रिसीव्हरला एचडीएमआय आहे पण दहा-बारा वर्षांपूर्वीचं. नवा ४के टीव्ही घेतल्यापासून पडदा काळा पडतो.

४के चित्राला एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं. मधल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली हवी. तुमच्या रिसीव्हरकडे ती नाही, म्हणून चित्र अडतं किंवा १०८० वर घसरतं. रिसीव्हर फेकू नका. ४के यंत्रं टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने रिसीव्हरला परत आणा. वर म्हटलेला अपवाद तो हाच.

रिसीव्हर नवा असूनही चित्र फिकं वाटत असेल तर टीव्हीच्या त्या खाचेचं सेटिंग बघा. एलजीत 'डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. प्लेस्टेशन ५ वर ४के मध्ये १२० फ्रेमचा हट्ट असेल तर टीव्ही, रिसीव्हर आणि केबल तिघंही २.१ च्या लायकीचे लागतात. रिसीव्हर मागे असेल तर गेम थेट टीव्हीला लावा आणि भांडण मिटवा.

मुलाने अमेरिकेहून रिसीव्हर आणलाय. पिनेला अ‍ॅडॉप्टर लावला की झालं ना?

थांबा. पीन बोर्डाजवळसुद्धा नेऊ नका.

पुण्यात हा प्रश्न दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात येतो, म्हणजे मुलं सुट्टीवर आली की. पिनेचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो म्हणून रिसीव्हरही चालेल असं लोकांना वाटतं. औंधमध्ये एका घरी मी पोचलो तेव्हा बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि हॉलमध्ये जळक्या वासावर उदबत्ती लावलेली. रिसीव्हर एकदाच 'फट्' म्हणाला होता.

मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. '१००-२४०' असेल तर नशीब. नुसतं '१२०' असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तोही दणकट. पट्टीवर ४००-५०० वॉट लिहिलेले असतील तर मी हजार व्हीएचा घ्यायला सांगतो. ६० हर्ट्झसाठी बनलेला रिसीव्हर ५० वर थोडा जास्त तापतो, तेव्हा त्याला हवा खेळती ठेवा.

रेडिओची गंमत तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेत मध्यम लहरींची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. आकाशवाणी पुणे ७९२ वर. अमेरिकन ट्यूनर ७९० वरून उडी मारतो तो थेट ८०० वर, ७९२ त्याच्या पायाखालून जातं. काही रिसीव्हरमध्ये हे अंतर बदलायची सोय असते, मॅन्युअलमध्ये शोधा.

आणि सोबत तिकडच्या डिस्क आणल्या असतील तर: डीव्हीडीला अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. ब्लू-रेला तिकडे ए, इकडे सी. इथला प्लेअर त्या डिस्क बहुधा नाकारेल. ४के ब्लू-रेला मात्र विभागाचं बंधन नाही.

नवीन फ्लॅटचं इंटिरिअर चालू आहे. भिंतीतून एचडीएमआय न्यायची आहे. इलेक्ट्रिशियनने पाइप टाकलाय.

किती इंची? एवढंच विचारतो आणि बहुतेक वेळा समोरून शांतता. इलेक्ट्रिशियन सवयीने पाऊण किंवा एक इंची पाइप टाकतो. दिव्यांच्या वायरींना तो पुरतो. पण एचडीएमआयचं डोकं प्लास्टिकच्या आवरणासकट साधारण २० मिलिमीटर रुंद असतं, आणि पाइपला नव्वद अंशांचा एल्बो असला की ते तिथे रुतून बसतं. बाणेरला एका घरी पीओपी झाल्यावर, रंग झाल्यावर, टीव्ही टांगल्यावर मला बोलावलं. शेवटी भिंतीला पांढरी केसिंग पट्टी मारून केबल बाहेरूनच न्यावी लागली. ताईंनी ती पट्टी दिसू नये म्हणून तिथे मनी प्लांट सोडलाय, आता तो छान वाढलाय.

दोन इंची पीव्हीसी पाइप टाका. वळणाला एक एल्बो नको, पंचेचाळीस अंशांची दोन वळणं द्या. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पाच वर्षांनी केबल बदलताना मला दुवा द्याल. विजेची वायर त्याच पाइपातून नेऊ नका. आणि केबल भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन दिवस टीव्ही बघा. मेलेली केबल भिंतीत पुरून मग शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

अंतर लांब असेल, म्हणजे पाच मीटरच्या पुढे, तर साधी तांब्याची केबल ४के ला दगा देऊ लागते. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीही दिसणार नाही, आणि ती कधी उलटी लागल्याचं कळतं तर भिंत बुजवल्यावर. एआरसी चालतं का हे दुकानातच विचारा, सगळ्यांत चालत नाही.

केबल कुठली घ्यायची? बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दीडशेला मिळते, मॉलमध्ये तीन हजारांना.

दोन्ही नकोत. सोन्याचा मुलामा, विणलेलं कापडी कव्हर यांनी चित्र सुधारत नाही. डिजिटल सिग्नल एकतर पोचतो, नाहीतर ठिपके आणि काळा पडदा. पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' असेल तर १८ गिगाबिट, साध्या ४के ला पुरे. 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ गिगाबिट, नव्या गेमसाठी. खऱ्या पाकिटावर स्कॅन करून तपासता येईल असं लेबल असतं. बुधवार पेठेत खरी केबल मिळते, फक्त दुकानदारासमोर स्कॅन करा. चांगला दुकानदार रागावत नाही.

स्प्लिटर की स्विच? दुकानात दोन्ही एकच आहे म्हणाले.

नाही. स्विचला आत येणाऱ्या खाचा अनेक आणि बाहेर एक. रिसीव्हरच्या खाचा संपल्या तर हा. स्प्लिटरला आत एक आणि बाहेर अनेक. एकच बॉक्स हॉल आणि बेडरूम दोन्हीकडे दाखवायचा असेल तर तो.

सासूबाईंना साडेसातची मालिका लावता आली पाहिजे. रिसीव्हर चालू करणं त्यांना जमत नाही, आणि आवाज मोठा झाला की घाबरतात.

माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, कारण मशीन जोडणाऱ्यापेक्षा वापरणारी माणसं घरात जास्त असतात. रिसीव्हरमध्ये 'स्टँडबाय पास-थ्रू' असतं. ते चालू केलं की रिसीव्हर झोपलेला असतानाही बॉक्सचं चित्र आणि आवाज तसाच टीव्हीकडे जातो. सासूबाईंनी टीव्ही आणि बॉक्स लावला की मालिका सुरू, आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून. थोडी वीज जास्त जाते, जाऊ द्या.

मग रिसीव्हरच्या इनपुटना नावं द्या. 'सीबीएल/सॅट', 'मीडिया प्लेअर' या छापील नावांनी कोणाला काही कळत नाही. बहुतेक रिसीव्हरमध्ये नाव बदलता येतं, इंग्रजी अक्षरांत का होईना 'डिश', 'सिनेमा', 'गेम' लिहा. 'मॅक्सिमम व्हॉल्यूम'ला मर्यादा घाला आणि चालू होतानाचा आवाज ठरावीक ठेवा. रात्री चिरंजीवांनी सिनेमा बघून आवाज वर ठेवला असला तरी सकाळी भक्तिगीताने भिंती हादरणार नाहीत.

संवाद ऐकू येत नाहीत, आणि गाणं लागलं की शेजारी बेल वाजवतात.

संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. आणि बहुतेक घरांत तो शेल्फमध्ये आत ढकललेला, समोर गणपती आणि दोन ट्रॉफ्या. तो पुढे ओढा, शेल्फच्या कडेपर्यंत. सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्री 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज'चा पर्याय लावा.

रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक ड्रॉवरमध्ये पडला असेल, तो काढून स्पीकरांची मोजणी करा. डेनॉनमध्ये तिला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ. माइक तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीवर. पंखा बंद, खिडक्या बंद. चिंचवडला एकदा मोजणी चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि रिसीव्हरने मागच्या डाव्या स्पीकरचं अंतर अकरा मीटर ठरवलं. हॉल बारा बाय पंधरा फुटांचा.

सगळं बंद असलं तरी स्पीकरमधून 'घुंऽऽ' येतं.

सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा. आवाज थांबला तर दोष तिथून येतोय: केबलवाल्याची वायर आणि घरची अर्थिंग यांच्यात फरक आहे. लोकल केबल असेल तर मध्ये आयसोलेटर लावता येतो. डिश अँटेना असेल तर तो लावू नका, त्याच वायरीतून छतावरच्या डिशला वीज जाते, ती अडेल आणि चॅनेलच जातील. त्याआधी टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स, सबवूफर सगळं एकाच बोर्डावरून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतं.

कोणी सांगितलं म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची पीन कापू नका. घुंघुं थांबेल, पण उद्या रिसीव्हरच्या पत्र्याला करंट आला तर तो तुमच्या हातातून जाईल. जुन्या वाड्यांत अर्थिंगच नसते, तिथे आधी इलेक्ट्रिशियन, मग मी.

बाबांचा टेपडेक आणि रेकॉर्ड प्लेअर जोडता येईल का? मैफिलींच्या कॅसेटी आहेत.

येईल, आणि जोडाच. टेपडेकच्या 'लाइन आउट'मधून लाल-पांढऱ्या वायरी रिसीव्हरच्या कुठल्याही ऑडिओ इनपुटला. रेकॉर्ड प्लेअरचं तसं नाही. सुईचा सिग्नल फार बारीक असतो, त्याला 'फोनो' लिहिलेलीच खाच हवी, नाहीतर वेगळा फोनो प्रीअँप. प्लेअरची एक बारीक मोकळी वायर रिसीव्हरच्या 'जीएनडी' स्क्रूला आवळा, नाहीतर गाण्याच्या मागे तंबोऱ्याऐवजी ट्रान्सफॉर्मर ऐकू येईल. ऐकताना रिसीव्हर 'स्टीरिओ'वर ठेवा. ख्यालाला पाच स्पीकर लागत नाहीत.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

आवाज मागे असेल तर टीव्हीचा साउंड आउटपुट 'पास-थ्रू' करा आणि रिसीव्हरचा 'ऑडिओ डिले' शून्यावर आणा. आवाज पुढे पळत असेल तर तोच डिले थोडा थोडा वाढवा. मॅचमध्ये शेजारी आधी ओरडतात आणि तुम्हाला सिक्स नंतर दिसतो, त्यावर मात्र माझ्याकडे उपाय नाही. त्यांच्याकडे डिश आहे, तुमच्याकडे अ‍ॅप. अ‍ॅप मागेच राहणार.

रिसीव्हर फार तापतो, मध्येच बंद पडतो.

सुताराने काचेचं दार लावून दिलंय ना? ते काढा. वर निदान चार इंच मोकळी जागा हवी. रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. तरीही बंद पडत असेल तर स्पीकरच्या वायरी तपासा, एखादा तांब्याचा केस शेजारच्या स्क्रूला टेकलेला असतो. आणि ऊब शोधत पाली येतात. मला आत एकदा तीन अंडी मिळालीत.

वळवाच्या पावसात काय काळजी घ्यायची? इन्व्हर्टरवर चालेल का?

एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं की पिना काढा, आणि डिशची गोल केबलही काढा. वीज बोर्डातूनच येते असं नाही, गच्चीवरच्या डिशमधूनही येते. इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह' असेल तर चालवा. स्क्वेअर वेव्हवर रिसीव्हर गुरगुरतो, त्याला त्रास देऊ नका.

गुरुवारी येऊ शकाल का?

येईन. पण त्या दिवशी दुरुस्तीसाठी तुमच्या भागात लाइट जाणार असल्याचा मेसेज आलाय का ते आधी बघा. सगळं जोडून झालं आणि लाइटच नसली तर तपासायचं कशावर?